काजूच्या रसातून जैवरासायनिक अभियांत्रिकी : पाच लिटरच्या बॅचपासून कारखान्याच्या टाकीपर्यंत

मार्च उजाडला की सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या काजूबागांत बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, खच पडतो. बिया काढून घेतल्या की बोंडू कोळंबीत (तुडवण्याच्या कुंडीत) मळले जातात, रस पिंपात आंबतो आणि भाणात (ऊर्ध्वपातनाच्या हंड्यात) उकळून त्याचा हुर्राक आणि पुढे फेणी होते. कच्चा माल, सूक्ष्मजीव, वेळ, तापमान, मग हवा तो पदार्थ वेगळा काढणे: औषधे, एन्झाइम किंवा लशी बनवणारे कारखानेही याच टप्प्यांतून जातात. म्हणून गोव्यात हा विषय शिकायला कोणी सुरुवात करत असेल, तर त्याने काजूच्या रसापासून करावी असे आमचे मत आहे.

पदार्थ मात्र फेणी न घेता व्हिनेगर घ्यावा. भट्टी लावायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. विनापरवाना ऊर्ध्वपातन करू नये. शिवाय व्हिनेगर शिकायला अधिक चांगले आहे. त्यात एकामागून एक दोन प्रक्रिया येतात. पहिल्या प्रक्रियेत यीस्ट हवेशिवाय साखरेचे अल्कोहोल करते, दुसरीत असिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेच्या मदतीने अल्कोहोलचे असिटिक आम्ल करतात. पहिलीत उष्णता आणि स्वच्छता सांभाळावी लागते, दुसरीत ऑक्सिजन. माडाच्या सुरेचे व्हिनेगर गोव्याच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या बनते ते याच दोन पायऱ्यांनी. सुरेत मात्र रानटी यीस्ट आणि जिवाणू एकत्रच काम करत असतात, म्हणून प्रत्येक घागरीची चव वेगळी. इथे आपण दोन्ही पायऱ्या वेगळ्या ठेवून मोजणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी. सूक्ष्मजीवाला काय करायचे ते ठाऊक असते. अभियंत्याचे काम त्याच्यापर्यंत अन्न आणि ऑक्सिजन पोहोचवणे, त्याची उष्णता बाहेर काढणे आणि परक्या जीवांना दूर ठेवणे एवढेच आहे. बॅच बिघडते तेव्हा या चारपैकी काय अडले ते शोधायचे.

आधी कागदावर हिशेब

रस काढण्यापूर्वी वही उघडावी. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू होतात. वजनात मांडले तर १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे १ ग्रॅम साखरेमागे जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल. यीस्टला स्वतःची वाढही करायची असते, थोडे ग्लिसरॉलही बनते, म्हणून प्रत्यक्षात ०.४५ ते ०.४६ धरावे.

दुसऱ्या पायरीत ४६ ग्रॅम इथेनॉल ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ६० ग्रॅम असिटिक आम्ल आणि १८ ग्रॅम पाणी देते. १ ग्रॅम इथेनॉलमागे १.३ ग्रॅम आम्ल. बाष्पीभवन आणि इतर गळती धरून ८५ टक्के हाती लागले तर समाधान मानावे.

आता आपला रस. समजा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या पदार्थांचे, मुख्यतः साखरेचे, वजनाने शेकडा प्रमाण) ११ आले, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) सुमारे १.०४४. त्यात लिटरमागे साधारण १०५ ग्रॅम आंबणारी साखर धरू; बाकी आम्ल, टॅनिन, क्षार. ०.४५ ने गुणले की लिटरमागे ४७ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे आकारमानाने ६ टक्के. त्यापासून ८५ टक्के दराने लिटरमागे ५२ ग्रॅम आम्ल, म्हणजे ५.२ टक्के. भारतीय अन्न सुरक्षा मानकांनुसार आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल हवे, तेव्हा साखर वरून घालायची गरज नाही. ब्रिक्स ८ च्या खाली असेल तर मात्र घालावी लागेल. असा रस बहुधा पाऊस पडून गेल्यानंतरच्या बोंडूंचा असतो.

सामान

पिकून आपोआप पडलेले ताजे बोंडू ८ किलो. त्यांतून ५ लिटर रस सहज निघतो. ८ ते १० लिटरची काचेची किंवा फूड ग्रेड प्लॅस्टिकची बरणी, रबरी बूच आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी नळी). विशिष्ट गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर व त्याची उभी नळी, थर्मामीटर, १० किलोपर्यंत १ ग्रॅमच्या अचूकतेने तोलणारा काटा, पीएच मीटर किंवा ३ ते ६ या पल्ल्याच्या पट्ट्या. वाइनचे कोरडे यीस्ट, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, डायअमोनियम फॉस्फेट आणि साबुदाणा. दुसऱ्या पायरीसाठी रुंद तोंडाचे काचेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे, मलमल, आणि दीड लिटर जिवंत, म्हणजे न उकळलेले आणि न गाळलेले, व्हिनेगर. घरगुती सुरेचे चालते; दुकानातले पाश्चरीकृत किंवा कृत्रिम व्हिनेगर चालत नाही, त्यात जिवाणूच नसतात.

लोखंड, तांबे, अॅल्युमिनियम कुठेही नको. काजूतले टॅनिन लोखंडाला भेटले की रस काळा पडतो, आणि अॅल्युमिनियमला व्हिनेगर खाऊन टाकते.

पहिली पायरी : अल्कोहोल

बोंडू धुऊन, कुजलेले बाजूला काढून त्याच दिवशी मळावेत. रसात रानटी यीस्ट आधीच असते आणि गोव्याच्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात काही तासांतच तो फसफसू लागतो. सकाळी वेचलेले बोंडू संध्याकाळपर्यंत पोत्यात ठेवले तर यीस्टची निवड तुमच्या हातात राहिलेली नसते.

रस गाळून घ्यावा. मग टॅनिन कमी करायचे. लिटरमागे ५ ग्रॅम, म्हणजे एकूण २५ ग्रॅम साबुदाणा दळून थोड्या पाण्यात शिजवावा, ती पातळ खळ थंड करून रसात ढवळावी आणि १० ते १२ तास स्थिर ठेवावी. टॅनिन स्टार्चला धरून खाली बसते. वरचा निवळलेला रस नळीने काढून घ्यावा, तळ ढवळू नये. हे न करताही व्हिनेगर होते, पण घशाला खवखवणारा तुरटपणा शेवटपर्यंत राहतो.

खळ घालतानाच लिटरमागे १०० मिलिग्रॅम मेटाबायसल्फाइट घालावे. ५ लिटरला ०.५ ग्रॅम. त्यातून लिटरमागे ५७ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. तो रानटी जिवाणू दाबतो आणि रस तपकिरी होऊ देत नाही. वाइनची यीस्ट एवढे सहन करते. प्रमाण दुप्पट करण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या पायरीतले असिटोबॅक्टर सल्फाइटला फार हळवे असतात. पहिली पायरी उत्तम होऊन दुसरी सुरूच होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

आता विरजण. २.५ ग्रॅम कोरडे यीस्ट २५ मिलिलिटर, ३५ ते ४० अंश कोमट पाण्यात शिंपडून १५ ते २० मिनिटे भिजू द्यावे, मग थोडा रस मिसळून तापमान जवळ आणावे आणि बरणीत ओतावे. थेट थंड रसात टाकले तर पेशींचे पापुद्रे सावरण्याआधीच फाटतात आणि बरीच यीस्ट वाया जाते. सोबत यीस्टला नायट्रोजन मिळावा म्हणून १.५ ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट घालावे.

यीस्टचे प्रमाण इतके मोजून का? लिटरमागे अर्धा ग्रॅम म्हणजे मिलिलिटरमागे ५० लाखांच्या आसपास पेशी. आंबणे जोरात असते तेव्हा त्या १० कोटींवर जातात, म्हणजे वीसपट, म्हणजे चार-सव्वाचार वेळा दुप्पट. वाढीचा दर तासाला ०.३ असेल तर दुप्पट व्हायला ०.६९ भागिले ०.३, म्हणजे २.३ तास लागतात. यीस्ट दहाव्या हिश्शाने घातले तर आणखी ३.३ वेळा दुप्पट व्हावे लागेल, म्हणजे सुमारे ८ तास जादा. त्या ८ तासांत रस गोड, उबदार आणि कोणाच्याही मालकीचा नसलेला असतो, आणि लॅक्टिक जिवाणू तेवढ्यात तळ ठोकतात. कारखान्यात म्हणूनच विरजण टप्प्याटप्प्याने वाढवतात: चंबूतून १० लिटर, तिथून २०० लिटर, तिथून २,००० आणि मग २०,००० लिटर, प्रत्येक वेळी पुढच्या टाकीच्या ५ ते १० टक्के.

बरणी पाऊणच भरावी. एअरलॉक बसवून तापमान २८ ते ३० अंशांवर ठेवावे. झाकण घट्ट लावून ठेवणे धोक्याचे आहे: ५ लिटर रसातून अडीचशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान १४५ लिटर होते. काचेची बरणी त्यापुढे टिकत नाही. मोठ्या तळघरात किंवा टाकीच्या खड्ड्यात हाच वायू जमिनीलगत साचतो आणि माणसाचा जीव घेतो. कारखान्यात वायुमापक लावल्याशिवाय टाकीत उतरू देत नाहीत ते याचसाठी.

यातून मोजणीची एक सोपी युक्तीही मिळते. बरणी काट्यावर ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ वजन लिहावे. कमी झालेला प्रत्येक ग्रॅम हा निघून गेलेला वायू, आणि प्रत्येक ग्रॅम वायूमागे १.०५ ग्रॅम इथेनॉल तयार झालेले. बरणी न उघडता, नमुना न काढता आंबण्याचा पूर्ण आलेख मिळतो. पहिले काही तास वजन हलत नाही, मग उतार तीव्र होतो, मग सपाट. मोठ्या फर्मेंटरवर (आंबवण्याच्या टाकीवर) बाहेर जाणारा वायू यंत्राने मोजतात तेव्हा हाच हिशेब चालू असतो.

हायड्रोमीटरचे वाचन दिवसातून एकदा. तो बहुधा २० अंशांना प्रमाणित असतो. ३० अंशांच्या रसात वाचन ०.००२ ते ०.००३ ने कमी येते, ते मिळवून घ्यावे. तीन ते पाच दिवसांत १.०४४ वरून ०.९९८ च्या आसपास आले आणि दोन दिवस तिथेच थांबले की काम झाले. फरक ०.०४६ गुणिले १३१ म्हणजे ६ टक्के अल्कोहोल. काट्यावरून काढलेला आकडा आणि हा आकडा जुळले पाहिजेत. न जुळल्यास कुठेतरी गळती आहे किंवा साखरेचे दुसरेच काही बनते आहे.

या पायरीत काय चुकते?

१.०२० वर येऊन आंबणे थांबले तर आधी तापमान पाहावे. साखर आंबताना किलोमागे सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता निघते. लिटरमागे १०५ ग्रॅम साखर असली तर उष्णता बाहेर न गेल्यास रस सुमारे १५ अंशांनी तापेल. ५ लिटरच्या बरणीची ऊब आजूबाजूच्या हवेत निघून जाते, पण २०० लिटरच्या पिंपात ती आतच राहते, आणि ३२ अंशांना सुरू झालेला रस चाळिशी ओलांडतो. तिथे यीस्ट गळून जाते. बरणी ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्यात ठेवावी; पिंपाला स्टीलच्या नळीचे वेटोळे घालून त्यातून विहिरीचे पाणी फिरवावे.

सडक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नायट्रोजन कमी पडला आहे. फॉस्फेटचा आणखी एक छोटा हप्ता, पण तो आंबणे अर्ध्यावर येण्याआधीच. रस ओढल्यावर तार धरत असेल तर लॅक्टिक जिवाणू शिरले आहेत. अशी बॅच फेकून भांडी गरम सोड्याने धुवावीत. ती वाचवण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी : आम्ल

आंबलेला रस, म्हणजे आपली वाइन, दोन-तीन दिवस निवळू द्यावा, गाळ मागे ठेवून काढावा. ४ लिटर हाती लागेल. त्यात १.३ लिटर जिवंत व्हिनेगर मिसळावे. हे पाऊण भाग वाइनला पाव भाग व्हिनेगर एवढे जास्त का, असे वाटेल. त्यामागे दोन कारणे आहेत. जिवाणूंची मोठी फौज मिळते हे एक. दुसरे आणि महत्त्वाचे, मिश्रणाची आम्लता पहिल्याच क्षणी १.२ टक्क्यांवर जाते आणि बुरशी व पांढरी यीस्ट यांना जागा उरत नाही. मिश्रणात आता लिटरमागे ३६ ग्रॅम इथेनॉल आणि १२ ग्रॅम आम्ल आहे. शेवटी ५२ ग्रॅमच्या आसपास आम्ल यायला हवे.

रुंद भांड्यात ओतावे, खोली १० ते १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. तोंडाला दुहेरी मलमल ताणून बांधावी, व्हिनेगरच्या माशा बारीक फटीतूनही आत जातात. २८ ते ३२ अंश, अंधारी पण वारा खेळता असलेली जागा. पृष्ठभागावर पातळ, गुळगुळीत सायीसारखा पडदा धरला की तो मोडू नये, भांडे हलवू नये. बुडालेला पडदा निरुपयोगी असतो आणि नवा तयार होण्यात आठवडा जातो. नवी वाइन घालायची असेल तर काचेच्या नळीने पडद्याखाली सोडावी. चार ते आठ आठवडे लागतात.

इतके आठवडे का लागतात, हा या विषयातला सर्वांत शिकवणारा प्रश्न आहे. ३० अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. जिवाणू जर लिटरमागे तासाला १ ग्रॅम इथेनॉल वापरू लागले तर त्यांना तासाला ७०० मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. विरघळलेला सगळा साठा ४० सेकंदांत संपेल. म्हणजे अन्न भरपूर, जिवाणू भरपूर, तरी कामाचा वेग ठरतो तो फक्त हवेतून द्रवात ऑक्सिजन किती झपाट्याने शिरतो यावर.

हा झपाटा मोजायचे माप म्हणजे केएलए. ऑक्सिजन हस्तांतराचा दर बरोबर केएलए गुणिले संपृक्त पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांतला फरक. द्रवात २ मिलिग्रॅम तरी शिल्लक राहावा असे ठरवले तर फरक ५.५, ७०० ला ५.५ ने भागले की केएलए तासाला १२७ लागतो. घुसळणी असलेला प्रयोगशाळेतला चांगला फर्मेंटर एवढे देतो. मत्स्यटाकीच्या दगडातून बुडबुडे सोडले तर १५ च्या आसपास धरावे: तासाला ८२ मिलिग्रॅम ऑक्सिजन, त्यातून ०.१२ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे ३६ ग्रॅम संपायला १२ ते १३ दिवस. नुसत्या स्थिर पृष्ठभागाला आठवडे.

मग पंप लावून जोरात हवा का सोडू नये? कारण हवा अल्कोहोल घेऊन जाते. मत्स्यटाकीचा साधा पंप मिनिटाला २.५ लिटर हवा देतो. ३० अंशांना या मिश्रणावरून संपृक्त होऊन निघणारी एवढी हवा तासाला दोन ग्रॅम इथेनॉल सोबत नेते, आणि भांड्यात एकूण १९० ग्रॅम आहे. साडेतीन-चार दिवसांत निम्म्याहून अधिक अल्कोहोल खोलीत उडून जाईल आणि हाती फिकट, आंबूस पाणी राहील. पंप लावायचाच असेल तर हवा मिनिटाला २०० ते ३०० मिलिलिटरपर्यंत आवळावी, दगड अतिशय बारीक छिद्रांचा घ्यावा, आणि पंपाच्या नळीत निर्जंतुक कापसाची गुंडाळी बसवावी. ऑक्सिजन वाढवायचा तो बुडबुडे बारीक करून, हवा वाढवून नव्हे. व्हिनेगरच्या कारखान्यातील टाक्यांत तळाशी वेगाने फिरणारी, स्वतःच हवा ओढून तिचे सूक्ष्म बुडबुडे करणारी चक्री असते आणि बाहेर जाणाऱ्या हवेवर थंड कंडेन्सर (वाफेचा पुन्हा द्रव करणारा), तो याच कारणासाठी.

अशा, द्रवाच्या आत हवा सोडण्याच्या पद्धतीत वीज जाणे ही मोठी आपत्ती. आम्लात आणि अल्कोहोलमध्ये काम करणारे जिवाणू ऑक्सिजनशिवाय तग धरत नाहीत. आम्लता जास्त असताना मिनिटभराचा खंडही बराच भाग मारतो. पंपाला इन्व्हर्टर जोडल्याशिवाय ही पद्धत सुरू करू नये. स्थिर पृष्ठभागाच्या पद्धतीला विजेची गरजच नाही, म्हणून घरी तीच बरी.

आठवड्यातून एकदा आम्लता मोजावी. २ मिलिलिटर नमुना पिपेटने घ्यावा (तोंडाने ओढू नये, फुगा वापरावा), ५० मिलिलिटर उकळून थंड केलेले पाणी आणि फिनॉल्फ्थॅलिनचे ३ थेंब घालावेत, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडावे. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावे. लागलेले मिलिलिटर गुणिले ०.१ गुणिले ६, भागिले २, म्हणजे टक्क्यांत आम्लता. १६.७ मिलिलिटर लागले तर ५ टक्के. हायड्रॉक्साइडचे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन कमजोर होत जाते. ते दर महिन्याला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने तपासावे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आम्लता वाढायची थांबली, किंवा अल्कोहोल ०.३ ते ०.५ टक्क्यांवर उतरले, की त्याच दिवशी थांबवायचे. उशीर केला तर अल्कोहोल संपलेले जिवाणू आता तयार आम्लच खाऊ लागतात, त्याचे पाणी आणि वायू करतात. ५ टक्क्यांचे व्हिनेगर दोन-तीन आठवड्यांत ४ वर आल्याचे दिसले तर गूढ काही नाही, बरणी उघडी राहिली आहे.

पृष्ठभागावर कोरडा, सुरकुतलेला, पिठासारखा पांढरा थर दिसला तर ती आपली साय नव्हे, पांढरी यीस्ट आहे; ती अल्कोहोल खाऊन टाकते. सुरुवातीची आम्लता कमी ठेवल्याची ही खूण. नेलपॉलिशचा वास म्हणजे इथाइल असिटेट: ऑक्सिजन कमी आणि अल्कोहोल जास्त असताना तो वाढतो, भांडे अधिक रुंद केले की बहुधा ओसरतो. हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी आली तर ओतून द्यावे.

तयार व्हिनेगर गाळून, लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम भिजवलेले बेंटोनाइट (गाळ खाली बसवणारी माती) घालून आठवडाभर निवळावे, ६० ते ६५ अंशांना २० मिनिटे तापवून गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्यांत सील करावे. विकायचे असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावी, आणि मोठ्या प्रमाणावर रस आंबवण्यापूर्वी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

पाच लिटरचे पाच हजार करताना

इथेच घरगुती कौशल्य संपून अभियांत्रिकी सुरू होते. आकारमान हजारपट करायचे म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहापट. आकारमान हजारपट वाढले, पण भिंतीचे क्षेत्रफळ फक्त शंभरपट. लिटरमागे थंड होण्याची जागा दहावा हिस्सा उरली. व्हिनेगरमध्ये तर हे फारच जाचते: १ ग्रॅम इथेनॉलचे आम्ल होताना १०.६ किलोज्यूल उष्णता निघते. लिटरमागे ५० ग्रॅमची उष्णता आतच कोंडली तर द्रव उकळू लागेल इतकी ती आहे. म्हणून मोठ्या टाकीला बाहेरचे जॅकेट पुरत नाही, आत नळ्यांची वेटोळी घालावी लागतात, आणि गोव्यात उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणीच ३० अंशांच्या आसपास असल्याने चिलर लागतो. प्रकल्पाचा खर्च काढताना हा आकडा विसरला जातो असे फार वेळा दिसते.

घुसळणीचेही तसेच. प्रमाणित टाकीत पंख्याचा व्यास टाकीच्या एक तृतीयांश, भिंतीला चार उभ्या पट्ट्या, प्रत्येकी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या ते बाराव्या हिश्शाएवढ्या रुंद. पट्ट्या नसतील तर द्रव नुसता गोल फिरतो, मिसळत नाही. लिटरमागची शक्ती तेवढीच ठेवायची ठरवली तर मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या जागी सुमारे १३० फेऱ्या येतात. पण पंख्याच्या टोकाचा वेग दुपटीने वाढतो, आणि मिसळायला लागणारा वेळ साडेचारपट होतो. लहान भांड्यात ५ सेकंदांत मिसळणारे आम्ल आता २३ सेकंद एका कोपऱ्यात राहते. तिथल्या पेशींसाठी पीएच भलताच असतो. हवा प्रति लिटर तेवढीच ठेवली तर टाकीच्या छेदातून वर जाणाऱ्या हवेचा वेग दहापट होतो, पंखा बुडबुड्यांत बुडतो, फेस फिल्टरपर्यंत चढतो आणि फिल्टर ओला झाला की संसर्ग आत येतो. शक्ती, टोकाचा वेग, मिसळण्याचा वेळ, हवा: चारही गोष्टी एकाच वेळी सारख्या ठेवता येत नाहीत. आपल्या सूक्ष्मजीवाला किंवा पेशीला कशाची टंचाई सर्वांत आधी जाणवते ते ठरवून तेवढे एक राखायचे. व्हिनेगरला केएलए. नाजूक प्राणिपेशींना टोकाचा वेग.

निर्जंतुकीकरणाचा हिशेबही आकाराबरोबर बदलतो. व्हिनेगरला आम्ल आणि अल्कोहोल सांभाळतात. प्रतिजैविके किंवा एन्झाइमच्या गोड, तटस्थ माध्यमाला कोणी सांभाळत नाही. १२१ अंशांना चिवट बीजाणू दर दीड मिनिटाला दहापट कमी होतात असे धरू, आणि हजारात एकच बॅच दूषित व्हावी असा निकष ठेवू. मिलिलिटरमागे लाखभर बीजाणू असतील तर १० लिटरला १२ वेळा दहापट घट हवी, म्हणजे १८ मिनिटे. १०,००० लिटरला १५ वेळा, म्हणजे साडेबावीस मिनिटे, शिवाय तापायला आणि निवायला लागणारे तास वेगळे. तेवढ्यात साखर करपते आणि जीवनसत्त्वे जातात. म्हणून मोठे कारखाने माध्यम नळीतून वाहते ठेवून १४० अंशांना काही सेकंद तापवतात: जास्त तापमानाला बीजाणू मरण्याचा वेग पोषकद्रव्ये बिघडण्याच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक वाढतो.

उरतो चोथा, तळाचा गाळ आणि धुण्याचे पाणी. ५ लिटरचे माडाच्या आळ्यात जिरते. ५,००० लिटरचे आंबलेले पाणी थेट ओहोळात सोडले तर त्यातले सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. वर ज्या ७.५ मिलिग्रॅमचा हिशेब केला तोच इथेही लागू आहे. चोथा वाळवून खत किंवा गुरांना, पाणी आधी हवेशिवायच्या बायोगॅस टाकीत, मग हवा दिलेल्या टाकीत, असा क्रम आराखड्यातच धरावा.

पुढच्या हंगामासाठी जिवंत व्हिनेगर जपायचे असेल तर न तापवलेले लिटरभर रुंद बरणीत मलमल बांधून ठेवावे आणि महिन्यातून एकदा १०० ते २०० मिलिलिटर, ४ ते ५ टक्के अल्कोहोलची वाइन पडद्याखाली सोडावी. पावसाळ्यात मलमल ओलसर राहून बुरशी धरते, ती दर आठवड्याला उकळून वाळवलेली बदलावी, आणि बरणीचे बूड मुंग्यांसाठी पाण्याच्या ताटलीत ठेवावे.